खुडूक कोंबडीचं खाणंपिणं
खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसते आणि दिवसातनं जेमतेम एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठते, तेवढ्यात तिचं खाणं, पाणी, विष्ठा, मातीत लोळणं सगळं उरकायचं असतं, म्हणून दाणापाणी खुराड्यापासून दोन-तीन हातांवरच ठेवा, अगदी चिकटून नको, नाहीतर ती तिथंच घाण करते. मका, गव्हासारखं अख्खं धान्य द्या, पोटात जास्त वेळ टिकतं. एखादी उठतच नाही बिचारी, तिला संध्याकाळी दोन्ही हातांनी अलगद उचला, पण आधी पंखाखाली बघा, अंडं अडकलेलं असतं आणि उचलताना पडून फुटतं. तुरा फिका पडला तर पिसं बाजूला करून उवा, गोचीड नक्की बघा.