विश्वामित्रीतल्या मगरींवर काम करायचंय? आधी मोजायला शिका

बडोद्यात मगर बघायला जंगलात जावं लागत नाही, विश्वामित्री नदीवरच्या काळाघोडा पुलाच्या कडेला स्कूटर लावायची आणि खाली वाकून बघायचं, थंडीतल्या सकाळी बऱ्याचदा एखादी काठावर पडलेली असते. त्यामुळे झूलॉजीच्या पोरांना वाटतं की प्रोजेक्टला हा विषय बेस्ट, घरून जाऊन-येऊन करता येईल. जाऊन-येऊन होतो हे खरंय, पण सोपा अजिबात नाहीये. आपल्या इथल्या मराठी घरांतली बरीच ज्युनिअर मंडळी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी डोक्यात एवढं बसवा की तुमच्या वहीत येतो तो दिसलेल्या मगरींचा आकडा, नदीत आहेत किती ते वेगळंच. मगरीचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं, म्हणून जानेवारीत ऊन जरा चढलं की ती वर येऊन तोंड उघडं टाकून पडते, आणि तीच मगर मे महिन्यात भर दुपारी पाण्यात असते नाहीतर काठातल्या बिळात. पावसाळ्यात नदी फुगली की मोजणी विसराच. त्यामुळे कोणी जानेवारीचा आकडा नि जूनचा आकडा शेजारी ठेवून मगरी घटल्या म्हणायला लागलं तर त्याला आधी वेळ, हवा आणि पाण्याची पातळी विचारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृत मोजणी झाली त्यात चारशेच्या वर मगरी निघाल्या, पण हा आकडा आधीच्या मोजण्यांशी जुळवायचा तर नदीचा पट्टा तोच होता का, दिवसा मोजलं की रात्री, माणसं किती होती हे सगळं बघावं लागतं. पेपरवाले बघत नाहीत, तुम्ही बघा.

रात्रीची मोजणी मला जास्त भरवशाची वाटते. टॉर्च मारला की मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे लाल-केशरी चमकतात, फक्त टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या लेव्हलला धरायचा, कमरेजवळ धरलात तर चमक परत तुमच्या डोळ्यांपर्यंत येतच नाही आणि नवीन पोरं म्हणतात इथे काहीच नाहीये. डोळे दिसले, पण अंग दिसलं नाही तर साइजच्या रकान्यात "फक्त डोळे" लिहायचं, अंदाजाने "मोठी" लिहायचं नाही. डोकं नीट दिसलं तर हिशोब सोपा आहे, डोक्याच्या लांबीच्या साधारण सातपट अख्खी मगर. पिल्लू, मधली, मोठी असे गट पहिल्याच दिवशी ठरवा आणि मग शेवटपर्यंत बदलू नका, ही बोअरिंग शिस्तच थिसिस वाचवते.

फेब्रुवारी ते एप्रिल मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर पडतात. घरट्यातल्या तापमानावर नर की मादी हे ठरतं, म्हणजे नुसती माती हलवली, झाडी काढली, सावली गेली तरी फरक पडू शकतो. आणि पुराच्या भीतीने नदी रुंद करायची, गाळ काढायचा तर ती कामंही पावसाच्या आधीच उरकावी लागतात, म्हणजे नेमकी याच महिन्यांत. त्यामुळे कोतरांचे (नदीकाठच्या घळींचे) उतार, बिळांची तोंडं, शेपटीचे ओरखडे, वाळून पांढरी पडलेली विष्ठा हे सगळं जीपीएससकट नोंदवा. मगर कोणीही मोजेल, पण काठाचा रेकॉर्ड कोणी ठेवत नाही आणि माझ्या मते नंतर उपयोगी पडतो तो हाच. विष्ठेत केस नि पिसं सापडतात, हाडं बहुतेक पचून जातात, म्हणून त्यावरून "मगरी फक्त कुत्रे-डुकरंच खातात" असा निष्कर्ष काढू नका, मासे पचले की काही उरतच नाही.

परवानगीचं टाळू नका. मगर वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, नुसतं लांबून बघणार असाल तरी वनखात्याला लेखी कळवून ठेवा, आणि पकडणं, टॅग लावणं वगैरे डोक्यात असेल तर कलम १२ ची वेगळी परवानगी लागते, त्यात आख्खा सीझन जाऊ शकतो. एमएस्सीला हात न लावता होणारं कामच घ्या. पाण्याच्या कडेला उकिडवं बसून फोटो काढायचे नाहीत, एकट्याने जायचं नाही, घरट्याजवळ मादी असतेच असं धरून चालायचं. गमबूट घ्या, हे पाणी म्हणजे अर्धं ड्रेनेज आहे. वासाची सवय होते (घरच्यांना होत नाही).

आणि काठावरच्या लोकांशी बोला, गुजराती मोडकीतोडकी असली तरी चालते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तीन दिवसांत वस्त्यांमधून २४ मगरी पकडून हलवल्या, त्यामुळे कुठल्या सोसायटीत, कुठल्या नाल्यातून मगर आली हे लोकांना पाठ आहे. फक्त "किती मोठी होती?" या प्रश्नाचं उत्तर मीटरमध्ये घेऊ नका, दर सांगण्याला एक फूट वाढतो.

करिअरचं म्हणाल तर नुसत्या मगर-प्रेमावर नोकरी मिळत नाही. आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आलंच पाहिजे, त्यावर प्रोजेक्ट फेलो किंवा पर्यावरण सल्लागारांकडची कामं मिळू शकतात. प्राणी जवळून हाताळायला शिकायचं असेल तर चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत (मगरी पाळून जपणारं केंद्र) इंटर्नशिप मिळते का बघा.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी बडोद्याला यायची गरज नाही. सांगलीला कृष्णा आहे, महाडला सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी, सगळीकडे हीच मगर. फक्त पद्धत जशीच्या तशी उचलू नका, कृष्णेचं पात्र रुंद आहे, तिथे एका काठावरून भागणार नाही, बोट लागेल, आणि वाशिष्ठीत गोवळकोटकडे, म्हणजे खाडीच्या बाजूला, मोजणार असाल तर प्रत्येक नोंदीपुढे भरती-ओहोटीची वेळ लिहायची, कारण ओहोटीला चिखल उघडा पडला की आकडा आपोआप वाढतो.