कॅराव्हॅन पार्कमध्ये शेवटच्या जागेवर एसी सुरू होत नव्हता: माझा अनुभव

शहादा–तोरणमाळ रस्त्याला शेतात सहा कॅराव्हॅन (चाकांवरची घरं) लावायची जागा आहे. लक्षण असं: संध्याकाळी सगळ्या गाड्या लागल्या की शेवटच्या जागेवर एसीचा कॉम्प्रेसर घुरघुरतो, उचलत नाही. सकाळी तोच एसी व्यवस्थित.

स्टॅबिलायझर लावला, एसीचा कपॅसिटर बदलला, फरक नाही. खानदेशच्या मे महिन्यात पाहुण्यांना उकाड्यात बसवणं फार जिवावर येत होतं.

मग पूर्ण लोडवर मोजलं: पॅनेलवर २२४ व्होल्ट, १२० मीटरवरच्या टोकाला २०६, करंट ४० अँपिअर. म्हणजे व्होल्टेज केबलमध्येच पडत होतं. केबल १६ चौरस मिलिमीटरची, अॅल्युमिनियमची, चार कोअरची (आत चार वेगळ्या तारा). पण सप्लायच्या आर, वाय, बी या तीन फेजपैकी (वीज आणणाऱ्या तारांपैकी) सहाही जागा एकाच फेजवर, दोन कोअर रिकामे!

लोड तिन्ही फेजवर वाटायला लायसन्सवाल्या वायरमनदादांनी केलेला क्रम: मेन बंद करून कुलूप, टेस्टरने नव्हे तर मीटरने सप्लाय नसल्याची खात्री. आधी न्यूट्रल (सगळ्या फेजची सामाईक परतीची तार): जुनी लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) कापून नवी क्रिम्प केली, म्हणजे दाबून घट्ट बसवली. ही पायरी टाळू नका. थ्री-फेजवर न्यूट्रल सुटला तर उपकरणांवर ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात. मग जागा १ व ४ आर फेजवर, २ व ५ वाय, ३ व ६ बी. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र १६ अँपिअर एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच). शेवटी अर्थिंग तपासून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं.

पुन्हा पूर्ण लोड: फेजला साधारण १३ अँपिअर, न्यूट्रलमध्ये नगण्य, टोकाला २२० व्होल्ट. एसी पहिल्याच झटक्यात उचलतो.