ती हे सगळं कोणाला सांगते आहे?

नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्हाला एका स्वगताचं रसग्रहण लिहायला दिलं होतं. एक बाई, एक खोली, बारा पानं. मी रात्रभर बसून चार पानं लिहून काढली. तिचं लहानपण, आईच्या आजारपणात गेलेली वर्षं, घर विकायचं दुःख, आणि शेवटी ती खिडकी उघडते त्यावर अर्धं पान. खिडकी म्हणजे मुक्ती, असं मी लिहिलं होतं आणि ते मला मनापासून पटलं होतं. वही परत आली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी मजकुरावर कुठेच खूण केली नव्हती. खाली पेन्सिलीने एकच ओळ होती: 'ती हे सगळं कोणाला सांगते आहे?'

मी संहिता पुन्हा काढली. तिसऱ्या पानावर ती म्हणते, 'राहू दे, मी उचलते.' सातव्यावर म्हणते, 'असं बघू नकोस.' रिकाम्या खोलीत कोणी 'राहू दे, मी उचलते' म्हणत नाही. खोलीत दुसरं माणूस होतं. बारा पानं ते एक शब्द न बोलता बसलं होतं आणि मला दिसलंच नव्हतं. धाकटी बहीण, निघायच्या तयारीत. एवढं कळलं आणि त्या बाईचं वाक्यन्‌वाक्य बदललं. आईच्या आजारपणाची हकिगत ही नुसती आठवण राहिली नाही. ती बहिणीकडे हिशेब मागत होती.

त्यानंतर गेली पंधराएक वर्षं मी एकांकिका आणि स्वगतं वाचते आहे. स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्यांना परीक्षक म्हणून बसते, नव्याने शिकायला आलेल्या मुलामुलींबरोबर संहिता वाचते. या वाटेला नव्याने येणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे ते बहुतेक त्या पेन्सिलीच्या ओळीतूनच निघालेलं आहे.

आपल्या भाषेत हे शिकायची सोय शंभर वर्षांपूर्वीच झालेली आहे. दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी, १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या काव्यातली एकट्या माणसाची भाषणं त्यांच्यापुढे होती, पण त्यांनी घडवलेला प्रकार अस्सल मराठी बोलीतला आहे. छापील पान डोळ्यांपुढे आणा. एकच माणूस बोलतोय, मध्ये टिंबं, मग 'काय म्हणालात?', पुन्हा टिंबं, आणि मग 'छे छे!' त्या टिंबांच्या जागी दुसरं माणूस बोलतंय. ते काय म्हणालं हे आपण पुढच्या वाक्यावरून ओळखायचं. शाळेत नाट्यछटा पाठ करून हातवारे करून म्हणायला लावतात, त्यामुळे ती पोरांच्या स्पर्धेची वस्तू असल्यासारखं वाटत राहतं. मोठेपणी ती पुन्हा हातात घ्या. एक नाट्यछटा निवडा आणि टिंबांच्या जागी समोरच्याची वाक्यं स्वतः लिहून काढा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात मी हेच करायला लावते. समकालीन नाटककारांपर्यंत जायचा याहून जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

शब्दांचा गोंधळ आधीच निस्तरून घ्यावा. एकपात्री म्हटलं की आपल्याकडे एका नटाने अनेक माणसं उभी करणं, हे चित्र डोळ्यांपुढे येतं. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकट्याने बावन्न पात्रं करत. तिथे दाद असते ती क्षणात बदलणाऱ्या आवाजाला, अंगाला, बोलीला. मी ज्याबद्दल लिहिते आहे तिथे नट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच माणूस असतो, आणि बाकीची माणसं त्याच्या बोलण्यातून आपण ओळखायची असतात. दोन्ही प्रकार अवघड आहेत, पण एकाच्या मापाने दुसरा मोजला की अन्याय होतो. 'नटीने आवाज एकदाही बदलला नाही' असा शेरा एका उत्तम स्वगतावर मी वाचला आहे. तो आवाज बदलायचाच नव्हता.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू. ॲलन बेनेट या ब्रिटिश नाटककाराने बीबीसीसाठी 'टॉकिंग हेड्स' नावाची स्वगतं लिहिली. पहिली सहा १९८८ मध्ये प्रसारित झाली. त्यातल्या एकात डॉरिस नावाची पंचाहत्तर वर्षांची बाई घरात पडते. कामाला येणारी बाई नीट धूळ पुसत नाही म्हणून तिने स्वतः फडकं हातात घेतलेलं असतं. पाय बधिर झालाय, उठता येत नाही, आणि जमिनीवर बसल्या बसल्या तिला सोफ्याखाली एक बिस्किट दिसतं. कामवाली तिथे झाडत नाही याचा पुरावाच! डॉरिस त्या बिस्किटावरून बोलते, गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलते, आणि मध्येच, त्याच सुरात, जन्मताच गेलेल्या बाळाबद्दल बोलून जाते. पुढे दाराशी पोलीस येतो. घरात दिवा नाही म्हणून विचारपूस करतो. सुटका दारात उभी आहे. आणि ती आतून सांगते की ती ठीक आहे. तो निघून जातो.

पहिल्या वाचनात मला तिचा राग आला होता. हाक का मारत नाही ही? मग मी मागे गेले. कोणाशी बोलते ती? कधी गेलेल्या नवऱ्याशी, कधी समोर नसलेल्या कामवालीशी. वृद्धाश्रमात रवानगी होईल ही धास्ती तिच्या बोलण्यात पहिल्यापासून आहे. पडलेली सापडली तर तिथेच नेतील. म्हणजे पोलिसाला दिलेलं उत्तर विसराळूपणाचं नाही. घरात राहायचं ठरवून दिलेलं उत्तर आहे ते. 'मी एकटी राहू शकत नाही' असं ती कुठेच म्हणत नाही, आणि आपल्याला मात्र ते दिसत राहतं. बोलणाऱ्याला जे दिसत नाही किंवा बघायचं नाही, ते ऐकणाऱ्याला दिसावं, अशी वाक्यं रचणं हे स्वगत लिहिणाऱ्याचं खरं कसब. त्या बिस्किटाकडेही पुन्हा बघा. ते प्रतीक वगैरे म्हणून आलेलं नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाला जे दिसेल तेच तिला दिसतं. लेखक तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसलाय म्हणून ते बिस्किट नाटकात आलं.

नव्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. प्रतीकं शोधायची घाई. खिडकी म्हणजे मुक्ती, पिंजरा म्हणजे संसार. माझ्या चार पानांतही तेच होतं. आधी वस्तू वस्तू म्हणून बघा. ती कोणाची, कुठे ठेवलीय, कोण तिला हात लावतं, कोण लावत नाही. अर्थ त्यामागून येतो, आणि कधीकधी येत नाही, तेही चालतं.

वाचायची माझी पद्धत सांगते. पहिलं वाचन एका बैठकीत, मध्ये न उठता. छोटं नाटक प्रेक्षक एका बैठकीत बघतो, त्याची घडण त्या सलग वेळेसाठीच असते. हातात पेन घ्यायचं नाही. दुसरं वाचन मोठ्याने. हे टाळू नका. डोळे वाक्यावरून घसरतात, जीभ अडखळते, आणि जीभ अडखळते तिथे बहुधा काहीतरी दडलेलं असतं. रंगसूचनाही वाचायच्या, आणि 'थांबते' असं लिहिलं असेल तिथे खरंच थांबायचं. मनात पाच आकडे मोजा. वाचताना 'थांबते' हा एक शब्द असतो, रंगमंचावर तो पाच सेकंदांचा काळ असतो, आणि त्या पाच सेकंदांत समोरच्या न दिसणाऱ्या माणसाने काहीतरी केलेलं असतं. तिसऱ्या वाचनाला पेन्सिल. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एक क्रियापद लिहायचं: अडवते, टोचते, विनवते, लपवते, वेळ काढते. ती काय सांगते ते लिहायचं नाही, सांगून काय करते ते लिहायचं. समास भरला की नाटकाचा आलेख तुमच्यापुढे असतो. तोच 'वेळ काढते' सलग चार वेळा आला तर लेखक रेंगाळलाय, किंवा त्या माणसाला निघायचंच नाहीये. दोन्हींतलं काय, हे ठरवणं म्हणजे रसग्रहणाला सुरुवात.

जमलं तर एक मित्र समोर बसवा आणि त्याला ते न बोलणारं पात्र करू द्या. त्याने फक्त ऐकायचं. मी एकदा अशी ऐकणारी होऊन बसले होते. समोरची मुलगी वाचत होती, आणि आठव्या पानावर मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी मान खाली घातली. तिचं पुढचं वाक्य होतं, 'बघ ना माझ्याकडे.' संहितेत माझ्यासाठी एक अक्षरही सूचना नव्हती, पण लेखकाला माझी मान कुठे खाली जाईल ते ठाऊक होतं.

एकांकिकेचं गणित थोडं निराळं. तिथे समोरचं माणूस बोलतं, म्हणून प्रश्न थोडा वळवावा लागतो: कोणाचं बोलणं कोणी ऐकत नाही? महेश एलकुंचवारांच्या 'होळी'त वसतिगृहातली मुलं एकमेकांत बोलतात, खिदळतात, आणि ती टवाळी बघता बघता एका मुलाच्या जिवावर उठते. दुसऱ्यांदा वाचताना फक्त त्या एका मुलाकडे लक्ष ठेवा. त्याच्या वाक्यांना उत्तर कोण देतं, ती कुठे हवेत विरतात. शेवट किती आधीपासून सुरू झाला होता ते तेव्हा कळतं.

स्पर्धेच्या एकांकिकांबद्दल माझं एक ठाम मत आहे. शेवटच्या मिनिटाला धक्का, लगेच ब्लॅकआउट, टाळ्या. एका फेरीत ओळीने सात एकांकिका बघितल्या की त्यांतल्या चारांचा शेवट असा असतो. धक्का वाईट नाही. पण धक्का कळल्यावर नाटक पुन्हा वाचून बघा. आधीची पानं अधिक भरलेली वाटली तर धक्का खरा होता. ती पानं नुसती वाट बघत बसलेली वाटली तर लेखकाने तुमच्यापासून माहिती लपवून ठेवली होती, एवढंच. परीक्षक म्हणून बसता तेव्हा पुन्हा वाचायला वेळ नसतो, म्हणून मी धक्क्यानंतर मनातल्या मनात पहिला प्रवेश पुन्हा चालवते. बहुतेक वेळा तेवढ्याने निकाल लागतो.

आजचे नाटककार हा 'कोणाला' उलटसुलट करून बघतात, आणि तिथे मला सर्वांत जास्त आनंद होतो. इराणच्या नसीम सुलेमानपूरने सक्तीची लष्करी सेवा नाकारली, त्यामुळे त्याला पासपोर्ट मिळत नव्हता. तेव्हा त्याने 'व्हाइट रॅबिट रेड रॅबिट' लिहिलं. दिग्दर्शक नाही, तालीम नाही. प्रत्येक प्रयोगाला नवा नट, आणि बंद पाकिटातली संहिता तो प्रेक्षकांसमोर पहिल्यांदा उघडतो. देश सोडू न शकणारा लेखक त्या नटाच्या तोंडून नटाशीच बोलतो, प्रेक्षकांशी बोलतो. डंकन मॅकमिलनच्या 'एव्हरी ब्रिलियंट थिंग'मध्ये एक मुलगा आईसाठी जगण्याजोग्या गोष्टींची यादी करतो, आणि नट एकटा असला तरी यादीतल्या कितीतरी गोष्टी प्रेक्षक हातातल्या चिठ्ठ्या बघून मोठ्याने वाचतात. कॅरिल चर्चिलने २०१२ च्या 'लव्ह अँड इन्फर्मेशन'मध्ये तर कुठलं वाक्य कोणाचं हेच लिहिलेलं नाही. पन्नासहून जास्त छोटे प्रवेश, आणि माणसं तुम्ही ठरवायची. त्यातला एक प्रवेश घेऊन तो आधी नवरा-बायकोचा म्हणून वाचा, मग डॉक्टर आणि रुग्णाचा म्हणून. नट, दिग्दर्शक, समीक्षक, अनुवादक यांपैकी काहीही व्हायचं असलं तरी हा सराव उपयोगी पडतो. अनुवाद करणाऱ्यांना तर फारच, कारण मराठीत 'तू' की 'तुम्ही' हे पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं, आणि ते ठरवायचं म्हणजे नातं ठरवायचं.

प्रयोग बघायला जाल तेव्हा संहिता आधी वाचावी की नंतर? मी नंतर वाचते. प्रयोग संपल्यावर त्याच रात्री, कोणाशीही चर्चा करायच्या आधी, वहीत तीन गोष्टी लिहिते: कोणता आवाज अजून कानात आहे, कोणत्या क्षणी माझं लक्ष उडालं, आणि शेवटचं जे दिसलं ते नेमकं काय होतं. मत सकाळी. रात्रीच्या मतात टाळ्यांचा आवाज मिसळलेला असतो.

खिडकीचं राहिलं. ते बारा पानांचं स्वगत मी बऱ्याच वर्षांनी रंगमंचावर पाहिलं. बहिणीच्या जागी रिकामी खुर्ची होती आणि पाठीशी एक प्रवासी बॅग. दिवे एकदा मंद होऊन पुन्हा आले तेव्हा बॅग तिथे नव्हती. नटी आणखी दोन वाक्यं त्या खुर्चीशी बोलली. मग उठली, खिडकी उघडली आणि बाहेर वाकली. तिची नजर आधी खाली गेली, मग हळूहळू डावीकडे सरकत गेली, रस्त्याने कोणीतरी चालत जावं तशी, आणि एका जागी थांबली. हात अर्धा वर आला होता. तिने तो तसाच खिडकीच्या चौकटीवर ठेवला.