सेल्फ मारला की चालू, किल्ली सोडली की बंद

शिकाऊ असताना मला एकट्याला मिळालेली पहिली गाडी अशी वागायची: किल्ली फिरवून धरली की इंजिन पेटायचं, बोटं सैल सोडली की गप्प. पेट्रोलचाच घोटाळा असणार, असं ठरवून मी फिल्टर, पंप तपासत बसलो. अर्धा दिवस गेला. उस्तादांनी येऊन एकदाच किल्ली फिरवली. "इंजिन पेटतंय ना? मग पेट्रोल येतंयच की. स्विच बघ."

झालं असं होतं की किल्लीमागच्या इग्निशन स्विचमध्ये 'स्टार्ट'चा संपर्क धड होता आणि 'ऑन'चा जळला होता. किल्ली मागे आली की इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणारा, करंटच तुटायचा. हे लक्षण एकदा पाहिलं की जन्मात विसरत नाही.

नव्यांचा पहिला गोंधळ म्हणजे कुलूप आणि स्विच एकच समजणं. किल्ली जाते ते कुलूप. त्याच्या मागे बसलेला प्लास्टिकचा विजेचा भाग, तो स्विच. किल्ली अडकते, फिरतच नाही, तर दोष बहुतेक कुलपाचा किंवा स्टेअरिंग लॉकचा. छान फिरते पण पुढे काही घडत नाही, किंवा किल्ली हलवली की डॅशबोर्डचे दिवे विझतात, तर स्विचवर संशय घ्या.

संशयच बरं का. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) फिरत नसेल तर आधी बॅटरी. गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना साधारण ९.६च्या खाली जाऊ नयेत. मग सेल्फच्या सोलेनॉइडवरची (सेल्फला करंट सोडणाऱ्या खटक्यावरची) बारीक वायर. कुणाला तरी किल्ली 'स्टार्ट'वर धरायला लावा. वायर जोडलेली असतानाच तिथे पूर्ण व्होल्टेज येतंय आणि सेल्फ मुका आहे, तर स्विच निर्दोष. येत नसेल तर उलटं मागे या: रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा खटका), क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच (क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा असल्याशिवाय सेल्फ फिरू न देणारा), आणि मग इग्निशन स्विच. ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'ऐवजी 'न्यूट्रल'मध्ये चालू होते का, हेही पाहा; होत असेल तर संशय त्या न्यूट्रलच्या स्विचवर. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर भांडण किल्लीच्या चिपशी असू शकतं.

स्विच तपासताना मी फसलो ते मल्टिमीटरमुळे, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरमुळे. जळक्या संपर्काचा एक धागा जरी शिल्लक असला तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतं, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. म्हणून स्विचवरून चालणारा ब्लोअर (हवेचा पंखा) वगैरे लोड, म्हणजे करंट ओढणारी वस्तू, चालू ठेवा आणि मीटरची एक पिन स्विचच्या येणाऱ्या वायरवर, दुसरी त्या लोडकडे जाणाऱ्या वायरवर लावा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. एखादा व्होल्ट तिथेच गळत असेल तर स्विच गेला.

बदलणं त्या मानाने सोपं. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि एअरबॅगसाठी मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढा वेळ खरोखर थांबा. पिवळ्या वायरिंगला हात लावू नका. स्टेअरिंगखालचं कव्हर, कपलर (वायरी स्विचला जोडणारा प्लास्टिकचा जोड), बऱ्याच गाड्यांत दोनच स्क्रू. जुना स्विच काढताना किल्ली ज्या स्थितीत होती, नव्याची खाच त्याच स्थितीत हवी. नाहीतर 'ऑफ' केलं तरी दिवे जळत राहतात.

जुडगाभर किल्ल्या लटकवणाऱ्या मालकाला मी टोकतो. जनरल मोटर्सने २०१४ साली लाखो गाड्या परत बोलावल्या त्या अशाच सैल स्विचमुळे: वजनाने किंवा धक्क्याने किल्ली सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही.

माझी ती पहिली गाडी मात्र नवा स्विच बसवल्यावर आठ दिवसांत परत आली. तोच आजार. कपलरमधली एक धातूची पिन तापून सैल झाली होती, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं, आणि मी नवा स्विच त्याच कपलरमध्ये खोचला होता. आता नवा स्विच खोक्यातून काढण्याआधी मी जुना कपलर नाकाशी धरून वास घेतो.