इंग्लंडच्या कालव्यावर बोट मुक्कामी लावताना या चुका टाळा

नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली राहण्याची लांब, अरुंद बोट, भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. थोडं शिकवून किल्ली हातात देतात. वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे काठाने चालणारा माणूस सहज बरोबर राहतो. चालवताना फारसं काही बिघडत नाही. घोळ होतो तो संध्याकाळी, बोट बांधताना.

आधी फलक वाचा. पाहुण्या बोटींसाठी राखलेल्या जागांवर, म्हणजे व्हिजिटर मुरिंगवर, 24 तास, 48 तास, 7 दिवस अशी मुदत लिहिलेली असते. काही ठिकाणी मुदत उलटली की दिवसाला 25 पौंड लागतात. नवखे हमखास फसतात ते लॉकच्या, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदाच्या, तोंडाशी. तिथे सरळ काठ, पक्के खुंट, सगळं कसं आपल्यासाठीच ठेवल्यासारखं! पण ती जागा लॉक उघडेपर्यंत थांबणाऱ्यांची. पाणी भरायच्या नळापाशी, पुलाखाली, वळणावर आणि लांब बोटी वळवायला काठ आत कोरून केलेल्या रुंद जागेतही मुक्काम नको. टोपाथच्या, म्हणजे काठाच्या पायवाटेच्या, समोरचा काठ बहुधा खासगी असतो.

आता दोर. बोट म्हणजे पार्क केलेली गाडी नव्हे. शेजारून दुसरी बोट गेली की पाणी ओढलं जातं आणि त्याबरोबर तुमची बोट पुढेमागे सरकते. दोर ढिला असेल तर ती हिसका मारते, आणि दोन-चार हिसक्यांत काठावर ठोकलेली खुंटी वर येते. मग जाणाऱ्यावर ‘हळू जा’ म्हणून ओरडण्यात काय अर्थ? पुढचा दोर पुढच्या दिशेने, मागचा मागच्या दिशेने, साधारण 45 अंशांत आणि ताणून बांधा. माती भुसभुशीत असेल तर दोन खुंट्या एकमेकींना छेद देतील अशा तिरक्या ठोका. काठाला लोखंडी पत्रे असतील तर खुंट्या नकोतच. पत्र्यामागच्या पट्टीत अडकवायचे आकडे बोटीवर असतात. लंगोटाच्या पिनेसारख्या आकड्याला तिथे ‘नॅपी पिन’च म्हणतात.

छपरावरचा मधला दोर बोट काठाशी आणताना हातात धरायला उत्तम, पण त्यावर रात्र काढू नका. वरून ओढ बसली की बोट कलते आणि ओट्यावरचा चहा खाली. दोर टोपाथवर आडवा जाऊ देऊ नका. अंधारात सायकलवाले येतात. खुंटीवर पांढरी पिशवी बांधली तरी पुरते.

बोट काठाला लागतच नाही, खालून धडधड ऐकू येते? श्रॉपशायर युनियन कालव्यावर पाण्याखाली दगडी कठडा आहे. मुरलेले बोटवाले त्याला ‘श्रॉपी शेल्फ’ म्हणतात आणि मध्ये हातगाडीचा हवा भरलेला टायर अडकवतात. टायर नसेल तर राखीव मुरिंग गाठा. निघताना मात्र बाजूचे फेंडर, म्हणजे धक्का सोसायला लोंबवलेल्या गाद्या, वर घ्या. बोट जेमतेम 7 फूट रुंद, अरुंद लॉकही तितकंच. लोंबणारा फेंडर तिथे पाचरीसारखा बसतो.

मागची बाजू गाळात रुतली तर इंजिन रेटू नका. सगळ्यांनी खोल पाण्याच्या बाजूला उभं राहा, काठीने ढकला आणि हळूच रिव्हर्स घ्या. सकाळी बोट तिरकी दिसली तर घाबरू नका. कोणीतरी लॉकची झडप उघडी टाकली असेल आणि रात्रीत पाणी उतरलं असेल. बोट दोरांवर लटकली असेल तर ते आधी सैल करा. पाण्यातले दोर हाताळले की हात साबणाने धुवा. लेप्टो मुंबईच्या पावसाळ्यापुरता नाही, कालव्यातही असतो.

रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन बंद, त्यामुळे बॅटऱ्या दिवसा चालवतानाच भरून घ्या. कुकरच्या शिट्टीला असा काही नियम नाही, पण शेजारच्या बोटीची खिडकी दोन हातांवर असते.