बोटीवरील व्हॅक्यूम संडास : बिघाड ओळखणे आणि दुरुस्ती

बोट नांगरावर उभी असते, संडासात कोणी गेलेले नसते, तरीही रात्री दीड वाजता फळ्यांखालचा पंप अचानक सुरू होतो, अर्धा मिनिट घरघरतो आणि थांबतो; तासाभराने पुन्हा तेच. व्हॅक्यूम संडासाचा बिघाड बहुधा असाच आधी कानाला कळतो. अशा वेळी पाना उचलण्याऐवजी घड्याळ पाहावे आणि पंप किती वेळाने सुरू झाला, किती वेळ चालला हे कागदावर लिहून ठेवावे, कारण दुरुस्तीचा निम्मा मार्ग त्या दोन आकड्यांतूनच सापडतो.

विमानात किंवा वंदे भारत गाडीत ज्यांनी हा संडास वापरला आहे, त्यांना त्याचे तत्त्व ठाऊक असते : मैला पाण्याच्या लोंढ्याने वाहून जात नाही, हवा त्याला ढकलत नेते. लहान बोटींवरच्या १२ किंवा २४ व्होल्टच्या संचात, उदाहरणार्थ व्हॅक्यूफ्लश पद्धतीच्या, भांड्याच्या तळाशी पेडलने फिरणारी अर्धगोल झडप आणि तिला चिकटून बसणारे रबरी सील असते. तिथून दीड इंची नळी व्हॅक्यूम टाकीकडे जाते. टाकीला लोहाराच्या भात्यासारखा वर-खाली होणारा पंप जोडलेला असतो, आणि या भात्याच्या आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटेवर बदकाच्या चोचीसारख्या रबरी झडपा असतात, ज्यांना कारागीर डकबिल म्हणतात. त्यापुढे मैल्याची टाकी. व्हॅक्यूम टाकीवरचा स्विच सुमारे १० इंच पारा इतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश, व्हॅक्यूम तयार झाला की पंप बंद करतो. संच निरोगी असेल तर फ्लशनंतर पंप एक ते दोन मिनिटे चालतो आणि मग पुढच्या फ्लशपर्यंत जवळजवळ गप्प राहतो. कोणी वापर केलेला नसताना तो तीन तासांत एकापेक्षा अधिक वेळा सुरू होत असेल, तर कुठून तरी हवा आत शिरते आहे असे समजावे.

ही हवा शोधताना भांड्यापासून सुरुवात करावी, कारण ती तपासणी फुकट होते आणि काहीही उघडावे लागत नाही. झोपण्यापूर्वी भांड्यात दोन तांबे स्वच्छ पाणी ओतावे आणि पाण्याच्या कडेला पेन्सिलने बारीक खूण करावी. सकाळी पाणी खुणेखाली गेलेले असेल किंवा भांडे कोरडे पडले असेल, तर गळती तळाच्या सीलमधूनच आहे. पाणी जागच्या जागी असेल आणि तरीही पंप रात्रभर कुरकुरत असेल, तर भांडे निर्दोष आहे व पुढे जावे. भांड्यात पाणी टिकत नसतानाही पंप उघडून बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात दिवस जातो आणि दोष तसाच राहतो.

सील गळते म्हणून ते लगेच बदलावे असे नाही. बऱ्याचदा सीलच्या खालच्या कडेत कागदाचा लगदा किंवा क्षाराचा खडा अडकलेला असतो. पेडल अर्धवट दाबून धरावे आणि नायलॉनच्या लहान ब्रशने, जुना दात घासायचा ब्रशही चालतो, झडपेची कड व सीलची खालची बाजू घासून काढावी. एवढ्याने भागले नाही तर ब्रेकर बंद करावा, पाण्याचा नळ बंद करावा, पेडल दाबून उरलेला व्हॅक्यूम सोडावा, भांडे व बैठक यांना धरून ठेवणारा पट्टा सैल करून भांडे उचलावे आणि नवे सील बसवावे. खाच पूर्ण कोरडी आणि खडेविरहित झाल्याशिवाय नवे सील ठेवू नये. रबराला ग्रीस किंवा डिझेलचा हात लावू नये, कारण पेट्रोलियममुळे रबर फुगते. लागलेच तर सिलिकॉनचे वंगण वापरावे.

भांडे निर्दोष ठरले की प्रश्न उरतो तो एवढाच : गळती पंपाच्या अलीकडच्या नळीत आहे की पंपातच? मात्र इथून पुढे काहीतरी उघडावेच लागते, म्हणून तयारी आधी करावी. चार-पाच वेळा स्वच्छ पाण्याने फ्लश करावे. मैल्याची टाकी शक्यतो रिकामी असावी. हातमोजे आणि चष्मा घालावा, केबिनच्या सगळ्या खिडक्या उघडाव्यात, आणि कोणतीही नळी सोडवण्यापूर्वी डेकवरचे टाकी उपसण्याचे झाकण सावकाश उघडावे, म्हणजे टाकीत कोंडलेला दाब मैल्यासकट तोंडावर येणार नाही. सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास सगळ्यांना माहीत असतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते, म्हणून वास गेला याचा अर्थ धोका गेला असा घेऊ नये. त्याच्याबरोबर मिथेनही असू शकतो, तेव्हा जवळपास बिडी, काडी, ठिणगी नको.

आता ब्रेकर बंद करून भांड्याकडून येणारी नळी व्हॅक्यूम टाकीच्या तोंडावरून सोडवावी, त्या तोंडाला रबरी बूच घट्ट बसवावे, ब्रेकर चालू करावा आणि पंप व्हॅक्यूम तयार करून थांबेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर तीन तास पंप गप्प राहिला, तर गळती नळीत किंवा तिच्या जोडात आहे. पूर्वीसारखाच सुरू होत राहिला, तर दोष पंप, टाकीचे जोड किंवा डकबिल यांपैकी एकात आहे, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा डकबिलमध्येच निघतो. पंप थांबतच नसेल आणि भांड्यातले पाणी जेमतेम ओढत असेल, तरी संशय प्रथम तिथेच घ्यावा.

डकबिल बदलताना पुन्हा वीज बंद करावी, टाकीतला व्हॅक्यूम सोडावा आणि ज्या बाजूचे डकबिल बदलायचे त्या बाजूची पंपावरची मोठी प्लास्टिकची चाकी (नट) हाताने किंवा पट्ट्याच्या पान्याने फिरवावी. खाली बादली ठेवावी. जुने डकबिल बाहेर काढताच त्याची दिशा मोबाइलवर टिपून घ्यावी : चोच नेहमी प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे मैल्याच्या टाकीकडे. काढलेले डकबिल उजेडासमोर धरून पाहावे. ओठ सरळ मिटलेले असले तर ते चांगले आहे. ओठांमधून उजेडाची रेष दिसली, कडा कुरळ्या झाल्या असल्या किंवा मधोमध पांढऱ्या क्षाराची खडबडीत चकती जमलेली असली, तर ते टाकून द्यावे. काही पंपांत प्रत्येक बाजूला दोन-दोन डकबिल असतात, आणि एक निकामी झाले तरी दुसरे काम सांभाळून नेते. त्यामुळे एक बदलताना चारही बदललेली बरी. चाकी परत बसवताना ती आधी उलट्या दिशेने अर्धा वेढा फिरवून आटा जुळू द्यावा, मग हाताने आवळावी. प्लास्टिकचा आटा एकदा चुकीचा चढला की सगळा जोडच बदलावा लागतो.

नळीच्या जोडांतली गळती साबणाच्या पाण्याने सापडत नाही, कारण इथे हवा बाहेर येत नाही, आत जाते आणि फेस तिच्यामागे आत ओढला जातो. त्यापेक्षा प्रत्येक क्लिप अर्धा वेढा आवळून पाहावी आणि जुन्या, फुगलेल्या नळीची टोके कापून नव्याने चढवावीत. नळी आतून अरुंद झाली असली तर ते वेगळे दुखणे : समुद्राच्या पाण्याने फ्लश होणाऱ्या संचात लघवी आणि खारे पाणी मिळून कठीण क्षार साचतो आणि दीड इंची नळी आतून अंगठ्याएवढी उरते. अशी नळी काढून धक्क्यावर न्यावी आणि वाकवून जमिनीवर आपटावी. चुन्याच्या पापुद्र्यांसारखे तुकडे खळखळत बाहेर पडतात. अधूनमधून रात्रभर व्हिनेगर भरून ठेवल्यास एवढी वेळ येत नाही. ब्लीच या संचात अजिबात वापरू नये : ते रबर खाते, आणि व्हिनेगरशी किंवा मैल्यातल्या अमोनियाशी गाठ पडली की विषारी वायू तयार होतो.

पंप सुरूच होत नसेल, तर क्रम वेगळा. एकदा मी मल्टिमीटर घेऊन दीड तास फ्यूज, ब्रेकर आणि जोड तपासत बसलो होतो. शेवटी लक्षात आले की मैल्याची टाकी भरलेली होती आणि ती भरली की पंपाची वीज तोडणारा स्विच आपले काम चोख करत होता. तेव्हा टाकीची पातळी आधी पाहावी. त्यानंतर फ्यूज, मग पंपाच्या तारांच्या टोकांवरचे व्होल्ट. पंप चालवण्याचा प्रयत्न करतानाचे मोजमाप हेच खरे, कारण गंजून हिरव्या पडलेल्या टोकांवर रिकाम्या वेळी १२ व्होल्ट दिसतात आणि मोटरचा भार येताच कोसळतात. वीज पोचते आहे पण मोटर हलत नाही, अशा वेळी व्हॅक्यूम स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकवाव्यात : मोटर फिरली तर स्विच बाद, नाही फिरली तर मोटर किंवा भात्याचा दांडा अडकलेला.

सगळे ठीक असूनही दुर्गंधी येत असेल आणि टाकी उपसताना आतल्या आत आकसल्यासारखा आवाज करत असेल, तर बोटीच्या बाजूला उघडणारे मैल्याच्या टाकीचे हवेचे तोंड पाहावे. मुंबई-गोव्याकडे पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींच्या या तोंडात कुंभारीण माशी चिखलाचे घर बांधते, आणि ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरवलेल्या बोटीची टाकी श्वासच घेऊ शकत नाही. लाकडी काडीने मातीचे घर काढावे, पाण्याची पिचकारी मारावी आणि तोंडावर बारीक जाळी बसवावी. मग रात्री पुन्हा भांड्यात पाणी ओतून खूण करावी आणि सकाळी पाहावी.