काउंटरवरच्या माणसासाठी ऑनलाइन प्रशिक्षण कसं तयार करावं

व्हिडिओ आवाज बंद करून एका कोपऱ्यात चालू ठेवायचा, अधूनमधून 'नेक्स्ट' दाबायचं, शेवटच्या प्रश्नांची उत्तरं शेजारच्या टेबलावरून मिळवायची आणि सर्टिफिकेट फाइलला लावायचं. सहकारी बँकेच्या शाखांमधलं ऑनलाइन प्रशिक्षण बऱ्याचदा असंच 'पूर्ण' होतं. कर्मचाऱ्यांना शिकायची इच्छाच नाही, असं हेड ऑफिसला वाटतं. मला ते पटत नाही. 15 वर्षं कॅश सांभाळलेल्या बाईंना नोटेवरचा वॉटरमार्क कुठे असतो इथपासून शिकवायला घेतलं, तर त्या 'नेक्स्ट' दाबण्याखेरीज दुसरं काय करणार?

बनावट नोटांचाच विषय घेऊ आणि त्यावर कोर्स कसा बांधायचा ते पाहू. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

आधी शाखेत जाऊन बसा

परिपत्रक हातात घेऊन स्लाइड बनवायला बसू नका. गर्दीच्या वेळी कॅश काउंटरच्या मागे दोन तास बसा आणि एकच प्रश्न विचारा: "मागच्या वेळी संशयित नोट आली तेव्हा नेमकं काय झालं?" उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. तुमच्या लक्षात येईल की नोट ओळखण्यात अडचण फारशी नसते. मशीन ओरडतं, आणि मशीनच्या आधी जुन्या कॅशियरच्या बोटांना कळलेलं असतं. घोडं अडतं ते पुढे. समोर उभा असतो ओळखीचा खातेदार, मागे रांग, आणि तोंडातून निघून जातं, "ही जरा बदलून द्या."

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तेवढंच करायचं नसतं. बनावट ठरलेली नोट परत देता येत नाही, तिच्या बदल्यात पैसे किंवा खात्यात जमाही देता येत नाही. म्हणजे शिकवायचं काय, तर नोट ओळखणं नव्हे, ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणणं. हे शाखेत बसल्याशिवाय कळत नाही. न कळल्यामुळे सुरक्षा धाग्यावर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ तयार होतो.

एका वाक्यात काम लिहा

'जागरूकता निर्माण करणे' असलं काही लिहू नका, ते कुणालाच तपासता येत नाही. असं लिहा: "बनावट नोट आल्यावर कॅशियर ती परत न देता खातेदारासमोर शिक्का मारून जप्त करील, पोचपावती देईल आणि रजिस्टरला नोंद करील." आता कोर्समधली जी स्लाइड या वाक्याला उपयोगी नाही ती काढा. चलनाचा इतिहास जाईल, अध्यक्षांचं मनोगतही जाईल. त्यावर थोडी कुरबूर होईल, ती सोसा.

प्रसंग आधी, नियम नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. मोठ्या माणसाला आधी माहिती आणि मग परीक्षा हा शाळेचा क्रम मानवत नाही. त्याच्या पुढ्यात पेच टाका, मग तो स्वतःच नियम शोधतो.

उदाहरणार्थ: दुपारचे पावणेदोन. दूध संस्थेचे सचिव भरणा घेऊन आलेत. पाचशेच्या नोटांमध्ये 6 नोटा मशीनने बाहेर टाकल्या, तुम्हीही तपासल्या, बनावटच आहेत. सचिव म्हणतात, "द्या इकडे मॅडम, मी बघतो कुणी दिल्या ते." तुम्ही काय कराल? नोटा परत द्याल, शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये पाठवाल, की तिथेच शिक्का माराल?

चुकीचे पर्याय खुळचट असू नयेत. शाखेत माणसं खरोखर जे करतात तेच पर्याय म्हणून द्या. उत्तर चुकलं तर लाल फुली नको, पुढे काय घडलं असतं ते दोन ओळींत सांगा. मग प्रसंग पुढे न्या. सचिव पोचपावतीवर सही करायला तयार नाहीत, आता? (पावती तरीही द्यायची.) पोलिसांना कधी कळवायचं? एका व्यवहारात 4 पर्यंत बनावट नोटा असतील तर महिनाअखेरच्या एकत्रित अहवालात, 5 किंवा जास्त असतील तर लगेच एफआयआर. सचिवांच्या 6 नोटांमुळे हा आकडा जसा डोक्यात बसतो, तसा तक्त्यातून बसत नाही.

एक गोष्ट मात्र परिपत्रकात सापडणार नाही: खातेदाराशी बोलायचं कसं. ती जुन्या कॅशियरांकडूनच घ्या. "साहेब, तुमच्यावर संशय नाही. पण ही नोट परत दिली तर नोकरीवर बेतेल माझ्या." अशी चार-पाच वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. नव्यांना आयती भाषा मिळते, जुन्यांना मान.

आकार

एक प्रसंग, 6-7 मिनिटं, मोबाइलवर चालेल असा. मध्येच खातेदार आला तर सोडलं तिथूनच पुन्हा सुरू व्हायला हवं. शाखेत आवाज लावता येत नाही, म्हणून व्हिडिओखाली मराठी मजकूर द्या. पण स्लाइडवर लिहिलेला परिच्छेदच निवेदकाकडून वाचून घेऊ नका, डोळे आणि कान एकमेकांच्या पायात येतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधली परिपत्रकं तशीच चिकटवली की मोबाइलवर अक्षरांचा चिवडा दिसतो. वेळ कामाच्या तासांतला द्या. आणि मार्चमध्ये कोर्स काढू नका, एवढं तरी.

तिघांवर करून बघा

एक निवृत्तीला आलेला, एक नुकता लागलेला, आणि एक 'ही सगळी नाटकं आहेत' असं उघड म्हणणारा. त्यांच्या मागे गप्प बसा. कुठे थांबतात, कुठे परत मागे जातात, ते टिपा. तिसऱ्याचं ऐकून जेवढ्या दुरुस्त्या होतात तेवढ्या पहिल्या दोघांचं ऐकून होत नाहीत.

पुन्हा विचारा

शिकलेलं किती लवकर निसटतं हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच, स्वतःवर प्रयोग करून, दाखवलं होतं. त्यावर उपाय पुन्हा वाचायला लावणं हा नव्हे, आठवायला लावणं हा आहे. तीन दिवसांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नवा प्रसंग टाका, पंधरा दिवसांनी आणखी एक. गुण देऊ नका. गुण आले की उत्तरं पुन्हा शेजारच्या टेबलावरून येतात.

मोजायचं काय

किती टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला हा आकडा संचालक मंडळापुरता ठेवा. तुम्ही तीन महिन्यांनी शाखांमधली जप्त नोटांची रजिस्टरं आणि पोचपावत्यांची पुस्तकं मागवा. मोठ्या बाजारपेठेतल्या शाखेचं पुस्तक कोरं दिसलं तर नवा कोर्स काढायची घाई नको. शाखेला फोन करा आणि विचारा, शिक्का कुठे असतो. तो शाखाधिकाऱ्यांच्या कुलपातल्या ड्रॉवरमध्ये असेल, तर तो काउंटरवर आणायला कोर्स लागत नाही.